तुमचं गाव कुठलं, अक्का?

बेळगावच्या शनिवारच्या बाजाराला सासूबाईंबरोबर जाणे म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मला शिक्षाच वाटायची. माझे लग्न २००४ सालचे. माहेर निपाणीजवळच्या एका खेड्यातले, मराठी. सासर बेळगावचे, पण सासूबाई बैलहोंगलकडच्या, कन्नड. त्यांना आम्ही सगळे 'अत्ती' म्हणायचो. नरगुंदकर भावे चौकातून गणपत गल्लीत शिरलो की अत्तींची चाल मंदावायची आणि तोंड सुरू व्हायचे.

मेथीची एक पेंडी घ्यायला त्यांना पंधरा मिनिटे लागत. 'हेंग कोडतीरी?' हा भावाचा प्रश्न सर्वांत शेवटी. त्याआधी 'मळी आतेन्री?' म्हणजे पाऊस झाला का, तळ्याला पाणी किती, धाकट्या दिराचे लग्न ठरले का, गावची यात्रा यंदा धरली आहे की पुढच्या वर्षी! समोरची बाई मराठी बोलणारी असली तर अत्ती आपल्या मोडक्या मराठीत हेच सगळे विचारत. मी पिशवी धरून उन्हात उभी. घरी येऊन एकदा यजमानांजवळ कुरकुर केली, "अहो, तुमच्या आईंना भाजी घ्यायची असते की शिरगणती करायची असते?" ते नुसते हसले.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. मागणी, पुरवठा, किंमत, बाजारपेठ हे सगळे फळ्यावर आकृत्या काढून शिकवते. पण बाजार म्हणजे काय, हे मला कळले ते फार उशिरा. कसे कळले, ते आज वाचकांना सांगावेसे वाटते, कारण आपल्यापैकी पुष्कळ जणांच्या घरात असेच काहीसे घडत असेल.

इदु नम्म चन्नंगी अल्ल!

२०१९ च्या आषाढात अत्ती ओल्या पायरीवरून घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. त्या अंथरुणाला खिळल्या आणि बाजार माझ्याकडे आला. एक-दोन शनिवार मी गणपत गल्लीत गेले. मग कॉलेज, परीक्षा, अत्तींचे औषधपाणी... हळूहळू मी सगळे सामान एका मोठ्या दुकानातून आणू लागले. थंडगार हवा, ढकलगाडी, स्वच्छ पाकिटे, वर छापील किंमत. अर्ध्या तासात महिन्याचा बाजार! कुणाला पाऊसपाणी विचारायला नको.

२०२० च्या शिवरात्रीच्या सुमारास एके दिवशी मी मसुरीची आमटी केली. अत्तींनी भाताबरोबर एक घास घेतला आणि ताट बाजूला सारले. "इदु नम्म चन्नंगी अल्ल," त्या म्हणाल्या. ही आपली मसूर नव्हे. कन्नडमध्ये मसुरीला चन्नंगी म्हणतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नकोच. मी म्हटले, "अत्ती, पाकिटातली आहे, चांगल्यातली." त्यावर त्यांनी विचारले, "आकी याक बंदिल्ल?" ती का आली नाही?

'ती' म्हणजे मसूरवाली अक्का. गणपत गल्लीच्या एका कोपऱ्यावर गोणपाट अंथरून बसणारी. पावसाळ्यात कोथिंबीर आणि मेथी, पौषात नवा तांदूळ, शिवरात्रीच्या आगेमागे बारीक काळपट मसूर. पंधरा वर्षे आमच्या घरातली मसूर तिच्याकडची. मी म्हणाले, "बघितलं नाही मी. बरेच दिवस तिकडे गेलेच नाही." अत्ती म्हणाल्या, "मग कुणाला तरी विचार. तिच्या गावात."

मी गप्प झाले. कारण तिचे गाव कुठले, हे मला माहीत नव्हते. नावही माहीत नव्हते. पंधरा वर्षे मी तिच्याकडून शेराने आणि किलोने जिन्नस घेत होते, दोन-दोन रुपयांसाठी घासाघीस करत होते, आणि ती कुठून येते हे मी एकदाही विचारले नव्हते. अत्तींना विचारले तर म्हणाल्या, "यळ्ळूरच्या वाटेला कुठंतरी. औषधानं नाव विसरले मी." त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

नाल्याकाठचे शेत

पुढच्या शनिवारी कोथिंबीर विकणाऱ्या बायकांपाशी चौकशी केली. एकीने लगेच ओळखले. "ती व्हय? तिचं शेत नाल्याकडंला हाय न्हवं? पावसाळ्यात पाणी शिरलं, भात कुजलं. मसूर पेरलीच न्हाई तिनं यंदा. काय घिऊन येणार बाजारला?" आणि गावाचे नाव सांगितले. ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही.

रविवारी आम्ही गेलो. आमची मुलगी त्यावेळी दहावीला होती, तीही हट्टाने आली. गाव शहरापासून इतके जवळ, की मी कॉलेजला जाते त्यापेक्षा कमी वेळात पोहोचलो! अक्का दारातच शेंगा निवडत बसली होती. मला पाहून दचकली आणि पदर सावरत उठली. "बाई, तुमी? या, बसा की." आणि पाण्याचा तांब्या पुढे करत पहिला प्रश्न विचारला, "अव्वाचं हाड जुळलं काय? चालतात?" मी आषाढात एकदा ओझरते सांगितले होते, ते तिने लक्षात ठेवले होते. मग मुलीकडे बघून म्हणाली, "ही दहावीला न्हवं यंदा? अव्वा सांगायच्या."

खरे सांगते, मला मान वर करवेना. आमच्या घरातले तिला सगळे ठाऊक होते, आणि तिच्या घरातले मला काहीच ठाऊक नव्हते.

तिने शेत दाखवले. बेळगावच्या दक्षिणेला शहापूर, वडगाव, अनगोळ, यळ्ळूर, हलगा या भागातली जमीन काळी, कसदार, पाणी धरून ठेवणारी. पावसाळ्यात भात घ्यायचे, भात कापले की त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा पेरायचा. वेगळे पाणी द्यायचे नाही. थंडी आणि दंव यांवरच पीक येते. आपल्या या मसुरीला जी चव आहे ती या मातीची, असे जुनी माणसे म्हणतात. दोन पिके मिळाली की घरचे वर्ष निघते. भात बुडाले की नुसता भात जात नाही, पाठोपाठची मसूरही धोक्यात येते.

याच शिवारातून बळ्ळारी नाला वाहतो. शहराच्या दक्षिण भागाचे पावसाचे पाणी आणि सांडपाणी त्यातून जाते. गाळ, प्लॅस्टिक, जलपर्णी साचली की जोराच्या पावसात नाला पात्र सोडून शेतात शिरतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर सगळ्या जिल्ह्यातच महापूर आला, हे आपल्याला आठवत असेलच. तिच्या शेतात कितीतरी दिवस पाणी उभे राहिले. पाणी ओसरल्यावर राहिला तो गाळ, बाटल्या आणि पिशव्या. घरात बियाण्यासाठी ठेवलेली मसूरही भिजून गेली.

मी ते बघत उभी होते आणि माझ्या मनात आले, आमच्या मोरीचे पाणी शेवटी कुठे जाते? आमच्या घरातून बाहेर पडलेली दुधाची पिशवी कुठे जाते? आम्ही शहरातले लोक तिच्याकडून मसूर आणत होतो, आणि तिच्या शेताकडे काय पाठवत होतो?

डब्यातला कागद

बोलता बोलता अक्का आत गेली आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून एक कागद घेऊन आली. "तलाठ्याच्या माणसानं दिलाय. काय लिवलंय बघा की. पोरगं कामाला गोव्यात. आमास्नी कानडी बोलाय येतंय, वाचाय येत न्हाई."

माझीही तीच गत. निपाणीकडे मराठी शाळेत शिकले. अत्तींमुळे कन्नड बोलायला शिकले, पण सरकारी कन्नड वाचताना अक्षरे जुळवावी लागतात. मुलीने कागद घेतला आणि घडाघडा वाचला. पीकहानीच्या भरपाईसंबंधीचा तो कागद होता. उतारा अजून अक्काच्या सासऱ्यांच्या नावावर होता आणि सासरे जाऊन काही वर्षे झाली होती. वारसांची नावे लावण्यासाठी मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि अर्ज द्यायला सांगितले होते. याला कन्नडमध्ये 'पौती खाते' म्हणतात. आपण 'वारसा लावणे' म्हणतो ते. आणि कागदावरची मुदत उलटून तीन आठवडे झाले होते!

कागद घरात होता, पण वाचणारे कुणी नव्हते. शेजारी मात्र दोन शिकलेली घरे होती. "विचारायचं नव्हतं का?" असे मी म्हटल्यावर अक्का म्हणाली, "आपल्या घरचं दुसऱ्याला कशाला दाखवायचं, वाटलं." जमिनीचा कागद म्हटला की खेड्यात माणूस भावालाही दाखवायला बिचकतो, हे मला माहेरच्या अनुभवावरून माहीत आहे. त्यात तिचा दोष नाही.

आम्ही धावपळ केली. मुलीने अर्ज कन्नडमध्ये लिहून दिला, यजमानांनी दोन खेपा घातल्या. तरी त्या वर्षाची भरपाई हातची गेली ती गेलीच. मात्र लॉकडाऊन उठल्यानंतर पाच-सहा महिन्यांत उताऱ्यावर अक्काचे आणि तिच्या मुलाचे नाव लागले. आणि ते किती मोलाचे होते, हे पुढे समजले. त्या बाजूने रस्त्यांच्या मोजण्या सुरू झाल्या तेव्हा, ज्यांची नावे उताऱ्यावर होती त्यांनाच कुणी दारात उभे केले.

हलगा-मच्छे बायपासचा प्रश्न आपल्या भागात किती वर्षे धुमसतो आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. शेतकरी कोर्टात गेले. काम थांबले. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये पोलीस बंदोबस्तात पुन्हा सुरू झाले. २०२२ साली रिंग रोडच्या विरोधात तालुक्यातली गावे रस्त्यावर आली. रस्ते हवेत की नकोत, कुठून हवेत, यावर आपल्या वाचकांत वेगवेगळी मते असतील. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेण्याची अधिसूचना निघाली की हरकत घ्यायला कायद्याने २१ दिवस मिळतात. एकवीसच! ज्या घरात अधिसूचना वाचणारे कुणी नाही, त्या घरात २१ दिवस म्हणजे तीन बाजारांचे अंतर. आणि त्या तीन बाजारांत गिऱ्हाईकाने फक्त भाव विचारला, तर काय उपयोग?

नावात काय आहे?

अक्काच्या पोत्यातला तांदूळ म्हणजे बेळगावची बासमती. हा तांदूळ शिजवताना चार घरांना वास जातो, असे आपल्या आज्या म्हणत. पण हे पीक उंच वाढते, वाऱ्या-पावसात लोळते, उतारा कमी देते आणि फार दिवस घेते. म्हणून बऱ्याच जणांनी इंद्रायणी, इंटान अशी वाणे धरली. शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा? घर चालवायचे तर पोती मोजावी लागतात.

त्यात नावाचीही पंचाईत आहे. २०१६ साली 'बासमती' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले ते पंजाब, हरियाणा, उत्तराखंड अशा उत्तरेकडच्या ठरावीक प्रदेशापुरते. म्हणजे पिढ्यान्पिढ्या आपण ज्याला बासमती म्हणतो, त्याला व्यापारात ते नाव हक्काने लावता येत नाही. शेजारच्या आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला त्याच २०१६ साली मानांकन मिळाले. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली, ब्याडगी मिरचीला २०११ साली मिळाले. आपला तांदूळ मात्र नावापासूनच पोरका. त्यामुळे बाजारात कुठल्याही सुवासिक तांदळावर 'बेळगाव बासमती' अशी पाटी लागते आणि गिऱ्हाईक फसते. पाटीवर विसंबू नये. कुणाच्या शेतातला, कुठल्या शिवारातला, कधी कापला हे विचारावे. ज्याने पिकवला तो सांगेल, ज्याने नुसता आणला तो विषय बदलेल.

माझ्या वडिलांचा तंबाखू

बाजारातला भाव ही गावाची बातमी असते, हे खरे तर मला माहेरीच कळायला हवे होते. आमच्या निपाणी भागात विडीचा तंबाखू पिकतो. वडील तंबाखूच करायचे. ते सांगायचे, त्या काळी माल व्यापाऱ्याच्या वखारीत घातला की भाव त्याने ठरवायचा, सूट त्याने कापायची आणि पैसे हप्त्याहप्त्याने द्यायचे. शेवटी १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे-बेंगळूर महामार्गावर येऊन बसले. त्या वस्तीला 'आंदोलननगर' म्हणू लागले. तीन आठवड्यांहून अधिक दिवस बायाबापड्या, पोरेबाळे रस्त्यावर राहिली. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकऱ्यांचे बळी गेले.

मी तेव्हा दोन वर्षांचीही नव्हते. पण घरात ते आंदोलन इतक्या वेळा ऐकले की आपणही तिथे होतो असे वाटते. वडिलांचे एक बोलणे राहून राहून आठवते. ते म्हणायचे, "आजूबाजूच्या गावांनी भाकऱ्या बांधून दिल्या म्हणून आम्ही टिकलो." कुठल्या गावात काय चालले आहे, हे शेजारच्या गावाला माहीत होते म्हणून भाकऱ्या आल्या. त्या भाकऱ्यांत मराठी घरांच्या होत्या, तशा कन्नड घरांच्याही होत्या. भुकेला भाषा नसते, असे ते म्हणत नसत. ते फक्त म्हणायचे, "ज्वारीची भाकरी दोन्हीकडं सारखीच थापतात."

मग करायचे काय?

आता कुणी म्हणेल, बाई, आम्हाला नोकऱ्या आहेत, मुलांच्या शिकवण्या आहेत. प्रत्येक भाजीवालीच्या गावाला कसे जायचे? जाऊ नका. मीही दर रविवारी जात नाही. मोठ्या दुकानात जाणेही मी पूर्ण सोडलेले नाही. साबण, तेल, साखर तिथूनच येते. पण दोन-चार गोष्टी मी ठरवून करते, त्या सांगते.

पहिली म्हणजे हंगाम ओळखून घेणे. मे महिन्यात जांबोटी-कणकुंबीकडच्या बायका करवंदे, जांभळे, फणस घेऊन येतात. पावसाळ्यात खानापूरच्या रानातली अळंबी येते. नवरात्रापासून तालुक्याच्या पश्चिम भागातल्या लाल मातीतली रताळी सुरू होतात. आपली रताळी दिल्ली-इंदूरपर्यंत जातात आणि आपणच एकादशीला दोन रताळी मोजून आणतो! पौषात नवा तांदूळ, शिवरात्रीला मसूर, उन्हाळ्याच्या तोंडी संकेश्वरी मिरची. वर्षाचे धान्य ज्याच्या त्याच्या हंगामात, पिकवणाऱ्याकडून घेतले तर त्याला रोख पैसा मिळतो आणि आपल्याला ताजा माल. घरी आणून उन्ह दाखवावे आणि मसुरीला एरंडेलाचा हात लावून डबा बंद करावा. अत्तींची ही पद्धत, कीड लागत नाही.

दुसरी गोष्ट, भाव का पडला किंवा चढला हे विचारणे. चोर्ला घाट बंद पडला की गोव्याला जाणारी भाजी इथेच पडून राहते आणि कोबी-फ्लॉवर मातीमोल होतो. आपण म्हणतो, "वा, स्वस्त झाली!" कधी एखाद्या गावची भाजीच येत नाही. चौकशी केली तर कळते, गावाने देवीचे वार पाळले आहेत, शेतात कुणी जायचे नाही. मग यात्रा जवळ आली हेही कळते. आपल्या भागात गावच्या लक्ष्मीची यात्रा कितीतरी वर्षांनी येते. तेव्हा घराला रंग, पाहुण्यांना जेवण, लेकींना साड्या अशा खर्चाला माणूस घरचे धान्य मिळेल त्या भावाला काढतो. त्या वेळी घासाघीस करू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

बसभाड्याचेही तसेच. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकातल्या महिलांना राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास झाला. शनिवारी येणाऱ्या बायका म्हणतात, पूर्वी दोन पेंड्या मेथीचे पैसे तिकिटालाच जात, ते आता वाचतात. पण त्यांच्याच शेजारी गोणपाट टाकून बसणारी चंदगडची बाई महाराष्ट्रातली. तिला कर्नाटकाच्या गाडीत तिकीट काढावेच लागते. दोघींची कोथिंबीर एकच, गिऱ्हाईक एकच, बोली एकच, आणि पेंडीमागची मिळकत वेगळी. सीमा कागदावर असते म्हणतात. मला ती त्या दोन गोणपाटांच्या मध्ये दिसते.

आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची. वाचकहो, आपली घरे दुभाषी आहेत. आपली मुले सकाळी मराठीत भांडतात आणि संध्याकाळी कन्नडमध्ये अभ्यास करतात. पुष्कळदा आपण याला ओझे समजतो. पण गावागावांतल्या डब्यांत, कोनाड्यांत, देवाच्या फोटोमागे जे कागद पडून आहेत, ते वाचायला दोन्ही भाषा येणारी माणसे लागतात. नोटीस कन्नडमध्ये, शेतकरी मराठी. किंवा जुना दस्त मोडीत-मराठीत, आणि नातू कन्नड शाळेतला. यात मध्ये उभे राहायला आपल्याइतके लायक दुसरे कोण आहे? आपल्या राज्याच्या पंचायत कायद्यानुसार सहा महिन्यांतून एकदा तरी ग्रामसभा झाली पाहिजे. आपली जमीन, घर, नातेवाईक ज्या गावात आहेत, तिथली ग्रामसभा कधी आहे हे विचारावे. जमेल तर जावे. नाहीतर शेजारच्याला फोन करून काय ठरले ते तरी समजून घ्यावे. माझ्या मुलीने पुढे कॉलेजात असताना तिच्या मैत्रिणींना घेऊन सुट्टीत असे कागद वाचून दाखवण्याचा परिपाठ ठेवला. त्यासाठी संस्था लागली नाही, बॅनर लागला नाही. एक पेन आणि दोन भाषा पुरल्या.

दोन शेर मसूर

अत्तींना मी त्या रविवारी घरी येऊन सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "माळ्यावरचा निळा डबा काढ." डब्यात जुन्या वर्षाची, अक्काकडचीच, दोन शेर मसूर होती. माझ्या आधीच्या पाकिटांच्या गर्दीत मी ती विसरले होते. मी म्हटले, "आमटी करू का?" त्या म्हणाल्या, "छे. तिच्याकडं बी नाही ना? पेरायला दे."

दोन शेरात शेत पेरून होत नाही. एक कोपरा झाला. बाकीचे बी अक्काने पाहुण्यांकडून उसने आणले. मध्ये लॉकडाऊन आले, बाजार बंद झाले, पुन्हा सुरू झाले. २०२० चे भात कसेबसे हाती लागले, आणि त्या ओलीवर तिने मसूर पेरली.

२०२१ च्या मार्चमध्ये एका शनिवारी अक्का बाजार आटोपून आमच्या दारात आली. डोक्यावर बोचके. अत्ती तेव्हा काठी घेऊन सोप्यापर्यंत यायच्या. अक्काने बोचके सोडले, मूठभर मसूर अत्तींच्या हातात दिली. अत्तींनी ती दाताखाली चावून पाहिली. मग दोघींचे पाऊसपाणी, दीर-जावा, यात्रा सुरू झाले. अर्धे कन्नडमध्ये, अर्धे मराठीत. मी चहा ठेवायला आत गेले आणि बाहेर आले तरी भावाचा विषय निघालेला नव्हता.

त्याच पावसाळ्यात अत्ती गेल्या. आता शनिवारचा बाजार मी करते. मेथीच्या एका पेंडीला मलाही पंधरा मिनिटे लागतात, आणि पिशवी धरून उभी राहिलेली माझी मुलगी घड्याळ बघते. गेल्या शनिवारी एक नवी बाई दिसली, टोपलीत शेवग्याच्या शेंगा. मी भाव विचारण्याआधी मुलीनेच विचारले, "याव ऊरव्वा निंदु?"

बाईने तोंडभर हसून गावाचे नाव सांगितले. शेंगा आम्ही नंतर घेतल्या.